किल्ट भाड्याने घेताय? मिलिटरी टार्टन कुठलं, कसं आणि त्यासोबत काय घालायचं नाही

सांगतो काय झालं ते आधी, म्हणजे पुढचं सगळं कशासाठी लिहितोय ते कळेल. एडिनबर्गला येऊन मला वर्षसुद्धा झालं नव्हतं, ऑफिसमधल्या एकाने लग्नाला बोलावलं आणि म्हणाला किल्ट (स्कॉटिश पुरुषांचा तो गुडघ्यापर्यंतचा, चौकड्यांचा, चुण्यांचा घागरा) घालून ये, मजा येईल. मी आपला हौसेने एका टूरिस्ट दुकानात गेलो, गडद हिरव्या-निळ्या चौकड्यांवर बारीक पिवळी रेघ असलेला किल्ट आवडला, घेतला, आणि काउंटरवरच्या पोराने वर एक टोपीपण गळ्यात मारली. ग्लेनगॅरी म्हणतात तिला, होडीसारखी असते, मागे दोन काळ्या रिबिनी लोंबतात, आणि बाजूला चकचकीत बॅज, सांबराचं डोकं आणि भोवती पानांची महिरप. भारी दिसत होतो, खोटं कशाला बोलू. रिसेप्शनला एक ऐंशीच्या घरातले आजोबा उभे होते, त्यांनी आधी टोपीकडे बघितलं, मग किल्टकडे, मग परत टोपीकडे, आणि सरळ विचारलं, "कुठल्या बटालियनला होतास, पोरा?" मी हसत म्हटलं, छे छे, दुकानातून घेतलंय सगळं. ते "बरं" म्हणाले, ग्लास उचलला आणि लांब जाऊन बसले.

नंतर नवरदेवाने सांगितलं की ते आजोबा म्हणजे त्याचा आजोळकडचा मोठा मामा, गॉर्डन हायलँडर्समध्ये होता, आणि माझ्या डोक्यावर त्यांच्याच पलटणीचा बॅज होता. ती पलटण १९९४ मध्ये दुसऱ्या रेजिमेंटमध्ये विलीन झाली, म्हणजे आता त्यात नव्याने कुणी भरती होणार नाही, जे आहेत ते तेवढेच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्याकडे विचार करा ना, अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात कुणी बाहेरचा पाहुणा फेट्याला मराठा लाइट इन्फंट्रीचा बॅज टाचून वरातीत नाचायला लागला तर पारावर बसलेले रिटायर्ड सुभेदार काय म्हणतील? मारणार नाहीत, पण चहाला पण बोलावणार नाहीत.

तर यूकेमध्ये आपली मंडळी आता भरपूर आहेत, लग्नं, ऑफिसचे डिनर, पोरांच्या शाळेतला बर्न्स नाइट (रॉबर्ट बर्न्स या कवीच्या नावाने होतो तो), नोव्हेंबरातला रिमेंब्रन्स संडे, म्हणजे युद्धात पडलेल्यांच्या स्मरणाचा दिवस, सगळीकडे किल्ट घालायची वेळ येते. माझं एकच म्हणणं आहे, कापड कुणीही घाला, पण बॅज, तुरा आणि मेडल ज्याने कमावलं त्याचंच. ते पाळायचं कसं ते आता क्रमाने सांगतो.

पहिली पायरी: कापड ओळखायला शिका

टार्टन म्हणजे काय तर ताण्याला रंगीत दोऱ्यांचा जो क्रम तोच बाण्याला, त्यामुळे चौकडा तयार होतो. एका पूर्ण चौकड्याला सेट म्हणतात आणि तो सेट पुन्हा पुन्हा येत राहतो. इरकल किंवा पैठणी बघायची सवय असलेल्याला हे पाच मिनिटांत कळतं, उलट आपल्या आया-मावशांना माझ्याआधी कळलं.

मिलिटरी टार्टनमध्ये सगळ्यांची आई म्हणजे गव्हर्न्मेंट टार्टन, गडद निळा, काळा आणि हिरवा, बाकी एकही उठून दिसणारी रेघ नाही. यालाच ब्लॅक वॉच म्हणतात, कारण १७२५ मध्ये हायलँड्सवर, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखावर, नजर ठेवायला सरकारने ज्या स्थानिक कंपन्या उभ्या केल्या आणि १७३९ मध्ये ज्यांची रेजिमेंट झाली, तिचं ते नाव. आता गंमत बघा, बाकीच्या बऱ्याच पलटणींनी हेच कापड घेतलं आणि वर फक्त रेघ वाढवली, म्हणजे एकाच घरातल्या चार बहिणी, कुंकवावरून ओळखायच्या. हिरव्याच्या मधोमध पिवळी रेघ असेल तर गॉर्डन. हिरव्यावर पांढरी आणि निळ्यावर लाल रेघ असेल तर मॅकेंझी, म्हणजे सीफोर्थ हायलँडर्सचं. रेघ नाही पण रंग जरा फिके, हिरवा एकदम उजळ, तर ते आर्गाइल अँड सदरलँडवाल्यांचं, आणि २००६ मध्ये स्कॉट्स गार्ड्स सोडून बाकी सगळ्या स्कॉटिश पायदळ पलटणी एकत्र करून जी रॉयल रेजिमेंट ऑफ स्कॉटलंड झाली तिचा किल्टपण याच फिक्या रंगातला. या घराबाहेरचं एकच मोठं नाव, कॅमरन हायलँडर्सचं टार्टन, त्याला कॅमरन ऑफ एराक्ट म्हणतात, १७९३ मध्ये पलटण उभी राहिली तेव्हापासूनचं, त्यात लाल रेघांची गर्दी आणि एक पिवळी, ते लांबूनच वेगळं दिसतं.

दुकानात ट्यूबलाइटखाली ब्लॅक वॉच चक्क काळं दिसतं हं. कापड उचला, दाराशी उजेडात न्या, बोटाने एक हिरवा चौकोन धरून मधोमध काही रेघ जाते का बघा. दुकानदार हसेल, हसू दे.

अजून एक बघायचं, मागच्या चुण्या. साध्या किल्टमध्ये चुण्या अशा घालतात की मागूनसुद्धा पूर्ण चौकडा जुळून दिसावा. फौजी किल्टमध्ये तसं नसतं, प्रत्येक चुणीवर एकच ठरलेली रेघ आणतात, त्यामुळे गॉर्डनचा जुना फौजी किल्ट मागून बघितला तर पिवळ्या उभ्या रेघांची रांगच्या रांग दिसते आणि माणूस चालायला लागला की ती हलते. परेडला हे बघितलं ना, की एकदम लक्षात येतं हे कापड मुळात रांगेत चालण्यासाठी शिवलेलं आहे.

आणि हे नुसतं फॅशनचं कापड का नाही, त्याचं कारण १७४६. त्या वर्षी १६ एप्रिलला कलोडनला जॅकोबाइट बंड, म्हणजे गादीवरून गेलेल्या स्टुअर्ट घराण्याच्या बाजूने झालेलं बंड, मोडलं, आणि सरकारने कायदा करून हायलँडमधल्या पुरुषांना किल्ट आणि टार्टनच्या वेषावर बंदी घातली. फौजेत असाल तर चालेल. ही बंदी उठली १७८२ मध्ये. म्हणजे तीस-पस्तीस वर्षं अशी गेली की डोंगरातल्या पोराला आपल्या बापाचा वेष उघड घालायचा असेल तर ज्या राजाने बापाला हरवलं त्याच्याच फौजेत जायचं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा त्या पिवळ्या रेघेकडे बघायची नजरच बदलली.

दुसरी पायरी: "मला चालेल का?" याचं खरं उत्तर

चालेल. कायद्याने कुठलंही टार्टन घालायला कुणाची परवानगी लागत नाही. एडिनबर्गला स्कॉटिश रजिस्टर ऑफ टार्टन्स आहे, २००९ पासून, सरकारी आहे, त्यात हजारो नमुने नोंदलेत, पण ती नोंद आहे, पोलिस नाहीत. राजघराण्याचं बॅल्मोरल टार्टन तेवढं रिवाजाने राखीव, ते सोडा.

पण कायदा वेगळा आणि रिवाज वेगळा. रिवाजात मिलिटरी टार्टनच्या साधारण तीन तऱ्हा मी धरतो.

ब्लॅक वॉच बिनधास्त घाला. ते इतकं पसरलंय की पोरींच्या स्कर्टपासून सोफ्याच्या उशीपर्यंत सगळीकडे आहे, काही क्लॅन, म्हणजे स्कॉटिश कुळं, पण तेच आपलं म्हणतात, भाड्याच्या दुकानात कुणाचंच नाव नसलेल्या पाहुण्याला हेच देतात. कुणी काही विचारत नाही.

गॉर्डन, मॅकेंझी, कॅमरन ऑफ एराक्ट हे क्लॅनचेपण आहेत आणि पलटणीचेपण, त्यामुळे घालायला हरकत नाही पण कुणीतरी विचारणार हे धरून चला आणि उत्तर तयार ठेवा. "रंग आवडला" हे उत्तर चालतं. "माहीत नाही" हे उत्तर चालत नाही, माझं ते झालं होतं.

तिसरी तऱ्हा म्हणजे जी टार्टन मुद्दाम एखाद्या दलासाठीच बनवलीत. रॉयल एअर फोर्सचं निळं-मरून टार्टन आहे, १९८८ मधलं. कॅनडाच्या एअर फोर्सचं तर १९४२ चं, ऐन युद्धात प्रिन्स एडवर्ड आयलंडवरच्या एका हवाई तळाच्या ग्रुप कॅप्टन फुलर्टननी ते काढलं. ही मी स्वतः घालणार नाही. कुणी अडवणार नाही, पण घरात कुणी त्या दलात नसेल तर अंगावर घालून करायचं काय? घरात कुणी असेल तर मात्र जरूर घाला, सासरचे आजोबा असले तरी चालतं, इकडची मंडळी त्याने खूश होतात.

तिसरी पायरी: आधी घरात विचारा, मग दुकानात जा

बायको किंवा नवरा स्कॉटिश असेल, किंवा तुम्ही ज्यांच्याकडे जाताय ते घर जवळचं असेल तर आधी फोन करून विचारा, "तुमच्याकडे कुणी पलटणीत होतं का, मी अमुक टार्टन घातलं तर चालेल का?" एवढं एक वाक्य. मी पुढच्या वेळी हे केलं तर समोरून अर्धा तास गोष्टी ऐकायला मिळाल्या आणि वर त्यांनी कपाटातला जुना स्पोरनपण (किल्टवर पुढे लटकवायची ती चामडी पिशवी) दिला वापरायला.

नाव, गाव, नातं काहीच नसेल तर शहराचं टार्टन घ्या, एडिनबर्गचं आहे, ग्लासगोचं आहे, तुम्ही तिथे राहता, टॅक्स भरता, तुमचा हक्क आहे. सिंग नावाचंपण टार्टन आहे इथे, इकडच्या शीख मंडळींसाठी नोंदवलेलं. कुलकर्णी किंवा पाटील टार्टन कुणीतरी करेलच, तोपर्यंत शहराचं घ्या.

आणि मॅकेंझी हातात घेणार असाल तर मराठी माणसाने एक गोष्ट माहीत ठेवावी असं मला वाटतं. जालना जिल्ह्यात भोकरदनकडे असई नावाचं गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ ला तिथे इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेची दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेशी लढाई झाली, आणि वेलस्लीकडे गोऱ्या पायदळाच्या दोनच पलटणी होत्या, ७४ वी आणि ७८ वी, दोन्ही हायलँडर. त्यांना या लढाईबद्दल ईस्ट इंडिया कंपनीने एक जादाचा तिसरा ध्वज दिला, आणि पुढे त्या ज्या रेजिमेंटमध्ये गेल्या, म्हणजे हायलँड लाइट इन्फंट्री आणि सीफोर्थ, त्या दोन्हींचं टार्टन मॅकेंझी. हायलँड लाइट इन्फंट्रीच्या बॅजवर तर चक्क हत्ती आणि असई असं नाव. आपल्या बाजूचे गोलंदाज त्या दिवशी तोफा सोडून हलले नाहीत, संगिनी अंगात घुसेपर्यंत तोफेपाशीच उभे राहिले, हे इंग्रजांनीच लिहून ठेवलंय. त्या गोलंदाजांना ध्वज नाही, बॅज नाही, नावंसुद्धा कुठे कोरलेली नाहीत. म्हणून मॅकेंझी घालू नका असं मी म्हणत नाही, मी स्वतः एकदा घातलाय. पण स्टर्लिंगच्या एका निवृत्त सार्जंटशी बोलताना मी असईचं नाव काढलं तर तो खुर्ची ओढून जवळ बसला आणि मग दोन्ही बाजूंचं बोलणं झालं.

चौथी पायरी: माप आणि भाडं

जीन्सची कंबर सांगू नका, इथे सगळे फसतात. किल्ट बेंबीवर बसतो, तिथे माप घ्या, पोट सैल सोडून, फोटोला उभे राहिल्यासारखं ओढून नाही. लांबी गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेपासून मध्यापर्यंत. बघायची सोपी युक्ती म्हणजे गुडघे टेकून जमिनीवर बसा, कड जमिनीला टेकता टेकता राहिली पाहिजे. चुरगळून पडत असेल तर लांब आहे, आणि लांब किल्ट म्हणजे सरळ आजीचा परकर.

चांगल्या किल्टला साधारण ८ यार्ड लोकरी कापड लागतं, तो जड असतो आणि तो जडपणाच त्याला चाल देतो. टूरिस्ट दुकानातला पातळ पॉलिएस्टरचा वाऱ्यावर उडतो, एडिनबर्गच्या वाऱ्यात तर विचारूच नका. एखाददुसऱ्या कार्यक्रमासाठी विकत घेऊ नका, भाड्याच्या दुकानातून लोकरीचा घ्या, सगळा सेट मिळतो. भाड्याच्या किल्टखाली चड्डी घालायची, तो जोक फक्त जोक म्हणून ठेवा, दुकानवाले हात जोडून सांगतात.

सेट घेताना पिशवी तिथेच उघडा आणि त्यात टोपी असेल तर बॅज कसला आहे ते बघा. साधी क्लॅनची खूण, पट्टा आणि बक्कल असलेली, किंवा नुसतं काटेरी थिसलचं फूल असेल तर ठीक. पलटणीचा बॅज असेल तर काढून परत द्या, "मी सर्व्हिसमध्ये नव्हतो" एवढं म्हणा, दुकानदाराला कळतं. खरं तर टोपीच नको, लग्नात अर्धे लोक घालत नाहीत.

पाचवी पायरी: चढवायचा क्रम

आधी मोजे आणि बूट, मग किल्ट. हे कुणी सांगत नाही आणि मग माणूस जाड पट्टा आवळल्यावर वाकून बुटाच्या नाड्या बांधत बसतो. मोजे गुडघ्याच्या खाली दोन-तीन बोटांवर दुमडायचे, दुमडीतून फ्लॅशेस म्हणजे त्या रंगीत पट्ट्या बाहेरच्या बाजूला डोकावल्या पाहिजेत. घिली ब्रोग बुटांच्या नाड्या लांबलचक असतात, त्या घोट्याभोवती पिळून पुढे किंवा बाजूला बांधायच्या, पोटरीवर वरपर्यंत गुंडाळत नेऊ नका.

किल्ट पाठीमागून धरा, चुण्या मागे. मागे! मी एकाला चुण्या पुढे घेऊन नऊवारीसारखा आलेला बघितलाय, आपलाच माणूस होता. आतला पदर उजवीकडून डावीकडे, डाव्या भोकातून पट्टा बाहेर, बक्कल. मग वरचा पदर डावीकडून उजवीकडे, झालर तुमच्या उजव्या बाजूला आली पाहिजे. उजवीकडे बहुतेक दोन बक्कल असतात, वरचं घट्ट, खालचं जरा सैल. पिन फक्त वरच्या पदराला, दोन्ही पदरातून घुसवली तर बसताना कापड फाटतं आणि डिपॉझिट जातं. स्पोरन पट्ट्याच्या बक्कलखाली वीतभर नाही, चार बोटं.

मोज्यात खोचायची ती छोटी सुरी, स्किअन डू, उजव्या पायाला. राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून तिला कायद्यात सूट आहे, पण किल्ट काढून ठेवल्यावर तीच सुरी जीन्सच्या खिशात घालून पबला गेलात तर ती सूट लागू नाही. विमानात चेक-इन बॅगेत. पोरं बरोबर असतील तर मी प्लास्टिकची मूठच घेतो, आत पातं नसलेली.

सहावी पायरी: काय घालायचं नाही

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, म्हणून सावकाश.

पलटणीचा कॅप बॅज नाही, हे झालं. तुरा नाही. टोपीवर जो पिसांचा छोटा तुरा असतो त्याला हॅकल म्हणतात आणि त्याचा रंग म्हणजे त्या बटालियनची ओळख, ब्लॅक वॉचचा लाल, आर्गाइलवाल्यांचा हिरवा. २००६ मध्ये पलटणी एकत्र केल्या तेव्हा स्वतंत्र बॅज गेले पण तुरे राहिले, यावरून समजा त्यांचा जीव कशात आहे. फेट्याला शोभतो म्हणून लाल तुरा लावला असं इथे होत नाही.

रेजिमेंटचा टाय नाही. हा सगळ्यात फसवा प्रकार आहे, कारण चॅरिटी शॉपमध्ये दोन पौंडाला छान पट्ट्यापट्ट्यांचा टाय मिळतो आणि तुम्हाला वाटतं टायच तर आहे. घेताना टायवर बारीक चिन्ह विणलेलं आहे का बघा, विक्रेत्या काकूंना विचारा. एका रंगाचा टाय घ्या आणि सुटा.

पाइपर, म्हणजे बॅगपाइप वाजवणारे, घालतात ती उंच पिसांची टोपी, पांढरे स्पॅट्स (बुटावरून घोट्यापर्यंत चढवायचे ते कापडी आवरण), खांद्यावरून लाल सॅश, हे सगळं एकत्र घातलं की तो युनिफॉर्म दिसायला लागतो, आणि नोकरीत नसताना फौजेचा युनिफॉर्म घालण्याविरुद्ध ब्रिटनमध्ये १८९४ पासूनचा कायदा आहे. आपल्याकडेपण काही वेगळं नाही, भारतीय सेनेने २०२२ मध्ये नवा कॉम्बॅट ड्रेस आणला आणि त्या नमुन्याचे हक्कच नोंदवून टाकले, कारण रस्त्यावरच्या गाड्यांवर पाचशे रुपयांत तोच चट्टेरी-पट्टेरी ड्रेस मिळत होता.

मेडलं. तुमची स्वतःची असतील तर डाव्या छातीवर. वडिलांची, आजोबांची असतील तर उजव्या छातीवर, इथे रिमेंब्रन्सला घरची माणसं अशी मेडलं लावून येतात आणि बघणाऱ्याला बाजूवरूनच कळतं की ही याची नाहीत, याच्या माणसाची आहेत. हे मला फार आवडलं. आपल्यातल्या एका ताईंनी ग्लासगोला साडीच्या उजव्या बाजूला पणजोबांचं मेडल लावलं होतं, पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाला गेलेले, साताऱ्याकडचे. पदर डाव्या खांद्यावर असतो त्यामुळे उजवी बाजू ब्लाउजची, पातळ कापड, मेडल खाली ओढत होतं, मग त्यांनी आतून खाकी कागदाचा तुकडा लावून पिन अडकवली. इथल्या दोन म्हाताऱ्यांनी थांबून नाव विचारलं आणि टोपी काढली. बाजारातून विकत घेतलेलं जुनं मेडल मात्र छातीवर लावू नका, कुठल्याच बाजूला नको. त्याच्या कडेवर बहुतेक वेळा त्या सैनिकाचं नाव आणि नंबर कोरलेला असतो, भिंगातून बघा.

सातवी पायरी: रिमेंब्रन्स संडेला जाताना

नोव्हेंबरचा दुसरा रविवार. एडिनबर्गला कार्यक्रम रॉयल माइलवर सिटी चेंबर्ससमोर होतो, गावोगावी त्यांच्या त्यांच्या स्मारकापाशी. किल्ट घातला तरी चालतो, साधा गडद कोट घातला तरी चालतो, थंडीचं बघा. कोटावर पॉपी लावा, म्हणजे स्मरणाची खूण म्हणून लावतात ते खसखशीचं लाल फूल. स्कॉटलंडची पॉपी चार पाकळ्यांची आणि पान नसलेली, इंग्लंडची वेगळी दिसते. एडिनबर्गमध्ये १९२६ पासून माजी सैनिकांनी हाताने ही फुलं बनवलीत, डब्यात नाणं टाकताना तेवढं लक्षात असू द्या, सुट्टे नाहीत म्हणून पुढे जाऊ नका.

अकराच्या आधी पंधरा मिनिटं पोचा. बिगुलवर लास्ट पोस्ट, मग दोन मिनिटं शांतता. फोन नुसता सायलेंट नको, बंद. डोक्यावर टोपी असेल तर काढा. सलाम ठोकू नका, आपल्याला पंधरा ऑगस्टपासूनची सवय असते हात आपोआप वर जातो, पण इथे सलाम युनिफॉर्मवाल्यांचा, आपण नुसतं सावधान. टाळ्या नाहीत. पोरं लहान असतील तर कडेला उभे राहा, रडलं तर बाजूला न्या, कुणी डोळे वटारत नाही, इथेपण लोकांना पोरं आहेत.

पाइपर बहुतेक 'फ्लॉवर्स ऑफ द फॉरेस्ट' ही धून वाजवतो. बरेच पाइपर ही धून अंत्यविधी आणि स्मरणाच्या कार्यक्रमाशिवाय लोकांसमोर वाजवत नाहीत, त्यामुळे पुढे कधी लग्नात पाइपर भेटला तर "ती वाजवा ना, छान आहे" असं सांगू नका. आमच्या ग्रुपमधल्या एकाने सांगितलं होतं, हळदीला.

आठवी पायरी: माणसांशी बोलणं

अमेरिकन पिक्चरमधलं "थँक यू फॉर युवर सर्व्हिस" इथल्या म्हाताऱ्यांना अवघडल्यासारखं करतं. त्यापेक्षा पलटण कुठली, कुठे कुठे होतात, जेवण कसं मिळायचं, हे विचारा. जेवणाचा प्रश्न कधीच फुकट जात नाही. किती मारले, भीती वाटली का, हे कधीच विचारू नका, ते सांगायचं असेल तर ते सांगतील. आणि गुरख्यांचा विषय हमखास निघतो, ब्रिटिश फौजेतल्या रॉयल गुरखा रायफल्सचे पाइपर डग्लस टार्टन वापरतात, आणि आपल्या भारतीय सेनेत तर आजही कितीतरी रेजिमेंट्सना पाइप बँड आहेत, २९ जानेवारीला दिल्लीच्या बीटिंग रिट्रीटला बघतोच आपण. हे सांगितलं की समोरचा खुलतो.

घरात जुना किल्ट सापडला तर

सासरच्या माळ्यावर ट्रंकेत असा किल्ट निघतो बरेचदा. पहिली गोष्ट, धुऊ नका. ड्राय क्लीनिंगला पण देऊ नका. आतल्या पट्टीवर शिक्का, नंबर, वर्ष, काहीतरी असतं, त्याचा फोटो काढा. खाकी कापडाचा एप्रन सापडला तर तो कचरा नाही, पहिल्या महायुद्धात चिखल आणि शत्रूची नजर दोन्हीपासून वाचायला किल्टवर तो घालायचे. चुण्यांच्या शिवणीत उवा घर करायच्या आणि सैनिक मेणबत्तीच्या ज्योतीवर शिवणी फिरवायचे, त्यामुळे बारीक जळल्याचे डागपण असू शकतात, ते रफू करून घेऊ नका. कसर लागली असेल तर पॉलिथिनमध्ये बंद करून काही दिवस फ्रीझरमध्ये, मग जुन्या सुती चादरीत सैल गुंडाळून.

कुणाचा ते शोधायचं असेल तर पलटणींची म्युझियम्स आहेत, ब्लॅक वॉचचं पर्थला बॅलहाउझी कॅसलमध्ये, गॉर्डनचं ॲबर्डीनला, सीफोर्थ आणि कॅमरनचं इन्व्हर्नेसजवळ फोर्ट जॉर्जमध्ये, आर्गाइलचं स्टर्लिंगच्या किल्ल्यात. फोटो आणि नंबर घेऊन ईमेल करा. एडिनबर्गच्या किल्ल्यात नॅशनल वॉर मेमोरियल आहे, १९२७ मध्ये उघडलेलं, तिथे पडलेल्यांच्या नावांच्या वह्याच ठेवल्यात, पलटणीनुसार, हाताने पानं उलटून नाव शोधता येतं. कापून त्याच्या उशा किंवा पोरीचा स्कर्ट करायचा विचार असेल तर आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा.

राहिला माझा बॅज. दुसऱ्या वर्षी नोव्हेंबरात मी तो खिशात घालून त्या मामांकडे गेलो, बरोबर पुरणपोळ्या होत्या, म्हटलं हा तुमच्याकडेच असलेला बरा. त्यांनी चष्मा लावला, बॅज उलटा केला, मागची पट्टी नखाने टोकरली, आणि जे हसायला लागले ते थांबेचनात. म्हणाले, अरे हा डुप्लिकेट आहे, कडा बघ कशा बोथट, आमच्या क्वार्टरमास्टरने हा बघितला असता तर फेकून मारला असता. मग आतून त्यांचा खरा आणला, माझ्या तळहातावर दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. खरा वापरून वापरून इतका घासला गेला होता की सांबराचं नाक गुळगुळीत झालं होतं. डुप्लिकेट त्यांनी नातवाला खेळायला दिला, पुरणपोळ्या स्वतःकडे ठेवल्या.